सॅक उघडा, मॅडम!

पावसाळी वीकएंड, राजगड, मढे घाट, भोरचा राजवाडा... आणि एक छोटासा बीप

सोमवारची पहाट. पावणेसातची दिल्लीची फ्लाइट. डोळ्यांवर झोप, पोटऱ्यांत आदल्या दिवशीच्या ट्रेकचे गोळे आणि हातात तो विमानतळावरचा प्लास्टिकचा ट्रे. लॅपटॉप बाहेर, मोबाइल बाहेर, पट्टा बाहेर. सगळं पाठ झालंय आता. माझी लाडकी ट्रेकिंगची सॅक एक्स-रे मशीनमध्ये शिरली आणि बाहेर आली ती माझ्याकडे नाही, बाजूच्या टेबलावर.

"मॅडम, ही सॅक तुमची?"

खाकी गणवेशातली एक ताई. वय माझ्याएवढंच, फार तर दोन वर्षं कमी. तिच्या हातात एक दांडी, दांडीच्या टोकाला कापडाची छोटीशी पट्टी. ती पट्टी तिनं सॅकच्या चेनवरून, पट्ट्यांवरून आणि शेवटी बुडावरून फिरवली आणि शेजारच्या मशीनमध्ये सरकवली. काही सेकंद गेले. आणि मग तो आवाज.

बीप.

पुढची चाळीस मिनिटं काय झालं ते सांगते. सॅक रिकामी झाली. मळके सॉक्स, अर्धा खाल्लेला चिक्कीचा पुडा, ओला टॉवेल, सगळं जगासमोर. पुन्हा पट्टी, पुन्हा मशीन. आतून काही नाही, बुडावरून फिरवली की बीप. साहेब आले. प्रश्न आले. काल कुठे होता? सॅक कुणाकडे दिली होती? मध्ये कुणी काही ठेवायला दिलं का? मागची रांग माझ्याकडे बघत होती आणि बोर्डिंगची घोषणा कानावर पडत होती. शेवटी माझा तोल गेला.

"मी काय टेररिस्ट दिसते का हो?"

ती शांतपणे म्हणाली, "दिसण्यावरून कळत असतं, तर आम्हाला इथे कशाला उभं केलं असतं, मॅडम?"

तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. रविवारी संध्याकाळी वेल्ह्याहून परतताना वडाप जीपमध्ये बसायलाच जागा नव्हती, सामानाची बातच सोडा. मामांनी माझी सॅक मागे टाकली होती. खताच्या पोत्यांवर.

"शेतीचा सीझन आहे, होतं असं," ती हसून म्हणाली. "पण बघावं लागतं." आणखी एकदा सगळं तपासून, वहीत नोंद करून तिनं मला सोडलं. मी शेवटची पॅसेंजर म्हणून विमानात चढले. घाम पुसला, खिडकीबाहेर बघितलं आणि लक्षात आलं, आपण तिला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

ती गोष्ट मनातून जाईना. म्हणून दोन आठवड्यांनी, तीच सॅक पाठीला लावून, मी पुन्हा वेल्ह्याच्या वाटेला लागले.

स्वारगेट ते वेल्हे, व्हाया आठवणी

स्वारगेटहून निघालं की कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, मग चेलाडी फाट्याला उजवीकडे वळून नसरापूर. इथे बनेश्वरच्या झाडीत दहा मिनिटं थांबला नाहीत तर तुमचा वीकएंड फुकट. पुढे रस्ता बारीक होत जातो आणि डोंगर मोठे. जुलैअखेरीला तर विचारूच नका. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका आणि ढगात डोकं खुपसून बसलेला तोरणा. वेल्हे तालुक्याचं नाव आता 'राजगड' झालंय, पण माणसांच्या तोंडी अजून वेल्हंच.

एसटीत खिडकीची सीट मिळाली, की माझं डोकं फार चालतं. त्या दिवशी आठवली १३ फेब्रुवारी २०१०. शनिवार होता. मी सातवीत होते. माझा मामेभाऊ तेव्हा आमच्याकडे राहायचा आणि कोरेगाव पार्कात नोकरी करायचा. संध्याकाळी सातच्या सुमारास तिथल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. आधी सिलिंडर फुटला म्हणाले. मग टीव्हीवर 'बॉम्ब' हा शब्द आला. एका बॅगेत ठेवलेला बॉम्ब, कॉफी पिणाऱ्या पोराटोरांच्या मधोमध. १७ माणसं गेली. दादाचा फोन लागत नव्हता. आई गॅलरीत उभी होती, हातात फोन, आणि दर मिनिटाला तोच नंबर. पावणेदहाला दादा आला. त्या रस्त्यावर तो गेलाच नव्हता, नुसतं नेटवर्क जाम होतं. आईनं त्याला जेवायला वाढलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्यानंतर पुण्यानं १ ऑगस्ट २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे साखळी स्फोट बघितले. १० जुलै २०१४ ला फरासखाना पोलिस ठाण्याजवळ मोटारसायकलमध्ये ठेवलेला बॉम्ब बघितला. बॅग, सायकल, मोटारसायकल. आपल्या रोजच्या वस्तू. लपवलेल्या बॉम्बची खरी भीती हीच, की तो लपतो ते आपल्याच सामानासारखं दिसून.

एवढं सगळं माहीत असलेली मी, एका बीपवर त्या पोरीवर खेकसले होते.

त्या पट्टीचं गुपित

वेल्ह्यात उतरल्यावर मी आधी वडापवाले मामा शोधले. त्यांना सगळी स्टोरी सांगितली. ते पोट धरून हसले. "म्हणजे आमची जीप विमानतळावर नेली, तर भोंगाच वाजत राहील म्हणा की!"

अगदी तसंच. कारण ती पट्टी काय करते ते ऐका. स्फोटकं हाताळणाऱ्याच्या हातावर, कपड्यांवर, बॅगेच्या चेनवर त्यांचे कण राहतात. डोळ्यांना न दिसणारे, चिवट. पट्टीला ते चिकटतात. मशीन पट्टी तापवतं, कणांची वाफ होते, त्या वाफेतल्या रेणूंना विजेचा भार दिला जातो आणि एका नळीतून त्यांची शर्यत लावली जाते. कोणता रेणू किती वेळात टोकाला पोचतो, त्यावरून तो कोण ते ओळखायचं. एक्स-रेला आकार आणि घनता दिसते, या मशीनला एक प्रकारे वास येतो.

पण वासाचं एक दुखणं असतं. काही खतांमध्ये नायट्रेट असतं, काही स्फोटकांमध्येही असतं. ग्लिसरीन असलेलं हँड क्रीमसुद्धा कधी कधी मशीनला फसवतं. अमोनियम नायट्रेट हे तर खतातलंही आणि खाणीतल्या सुरुंगांतलंही. जर्मन बेकरीच्या तपासातही त्याचं नाव आलं होतं. आपल्याकडे २०१२ पासून त्याच्या साठवणुकीला आणि विक्रीला खास नियम आणि परवाने आहेत. मशीन फक्त शंका घेतं. शंका खरी की खताची, हे माणसालाच ठरवावं लागतं.

आणि हो, या 'वास घेण्याच्या' धंद्यात आपलं पुणं बरंच पुढे आहे. पाषाणच्या सुतारवाडीत डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा आहे, स्फोटकांवर संशोधन करणारी. तिथे तयार झालेलं स्फोटक ओळखण्याचं किट, थेंबभर रसायन टाकायचं आणि रंग बघायचा असं, २०१३ मध्ये अमेरिकेच्या बाजारातही उतरलं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सबरोबर केलेलं, लांबूनच स्फोटक ओळखणारं 'रायडर-एक्स' हे उपकरण २०१९ मध्ये पुण्यातच सादर झालं. आणि मुंबईचा तो 'झंजीर' आठवतो? १९९३ च्या स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढणारा लॅब्राडोर. त्याचं ट्रेनिंगही शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रातलं. पुणेकरांनी मिरवावा असा हा पुणेकर!

विमानतळावरच्या ज्या गोष्टींचा आपल्याला वैताग येतो, त्या प्रत्येकीला एक तारीख आहे. परदेशी जाताना शूज काढायला लावतात? डिसेंबर २००१, बुटात स्फोटकं लपवून अटलांटिकवरच्या विमानात चढलेला माणूस. १०० मिलीच्या बाटल्या? ऑगस्ट २००६, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा लंडनमधला कट. बॉडी स्कॅनर? नाताळ २००९, अंतर्वस्त्रात स्फोटकं शिवून डेट्रॉइटला निघालेला प्रवासी. आपल्या विमानतळांवर सीआयएसएफ आली तीही अशीच. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारचं अपहरण झालं आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली.

पण यातली सगळ्यात जड तारीख २३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क'. ३२९ माणसं. सामान विमानात चढलं, सामानाचा मालक चढलाच नाही. त्या दिवशी टोरांटोला एक्स-रे मशीन बंद पडलं होतं, म्हणून बॅगा हातातल्या यंत्रानं तपासत होते. चौकशीत पुढे आलं, की एका बॅगेपाशी ते यंत्र वाजलं होतं. हळू, छोटासा बीप. असा छोटा बीप आला तर काय करायचं, हे तिथल्या माणसांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. बॅग पुढे गेली.

हे मी वेल्ह्यातल्या टपरीवर, कटिंग चहा पिताना मोबाइलवर वाचलं. चहा गार झाला.

राजगड: पहारा नावाची गोष्ट

दुसऱ्या दिवशी गुंजवण्यातून राजगड. पावसात ही वाट निसरडी आहे. शेवटी चोर दरवाज्याचा उभा कातळ रेलिंगला धरून चढायचा. नवख्यांनी पाली गावाच्या बाजूनं जावं. तिकडच्या पायऱ्या ऐसपैस आहेत आणि पाली दरवाजा तर बघण्यासारखाच. एकामागे एक दोन दरवाजे. पहिल्यातून आत शिरलात तरी लगेच गडात पोचत नाही. मध्ये अडवणार, वरून बघणार, मग दुसऱ्यातून सोडणार. विमानतळावर आयडी बघणारा वेगळा, बॅग बघणारा वेगळा, गेटवर पास बघणारा वेगळा, त्यातलीच आयडिया, साडेतीनशे वर्षांपूर्वीची.

पद्मावती माचीवर दारूकोठार आहे. स्वतःची स्फोटकं कुठे ठेवायची, हाही सुरक्षेचाच भाग. सुवेळा माचीवरून नेढं बघा, संजीवनी माचीवरून तोरणा बघा, ढगांनी परवानगी दिली तर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांमध्ये राजगड आहे, तेव्हा चिप्सची पाकिटं प्लीज परत आणा.

बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी बसले आणि एक गोष्ट नव्यानं सुचली. १६६६ साली आग्र्याहून निसटून महाराज याच गडावर परतले. पेटाऱ्यांची गोष्ट आपल्याला चौथीपासून पाठ आहे. आपण ती नेहमी महाराजांच्या बाजूनं वाचतो आणि तशीच वाचायला पाहिजे. पण त्या दिवशी मी ती पहारेकऱ्यांच्या बाजूनं वाचली. पहिले काही दिवस ते मिठाईचा प्रत्येक पेटारा उघडून बघायचे. मग रोज मिठाईच निघते म्हटल्यावर बघणं सैल झालं. महाराजांना बादशहाची फौज नाही, पहारेकऱ्यांची सवय हरवायची होती. त्यांनी ती बरोबर ओळखली.

पहाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे 'काही नसतंच हो' ही सवय. हे आता शास्त्रानंही सांगितलंय. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे बघत बसणाऱ्यांचं लक्ष किती टिकतं, यावर नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं प्रयोग केले. १९४८ साली त्यानं दाखवून दिलं, की अर्ध्या तासातच माणूस चुकायला लागतो. आळशी असतो म्हणून नाही, माणूस असतो म्हणून. म्हणूनच एक्स-रेच्या पडद्यासमोरचा माणूस थोड्या थोड्या वेळानं बदलतात. आणि एक भारी ट्रिक वापरतात. मशीन अधूनमधून तुमच्याआमच्या बॅगेच्या चित्रात एक खोटा बॉम्ब टाकतं. खरा नाही, फक्त चित्र. समोरच्यानं तो पकडला, की मशीन 'शाब्बास' म्हणतं. सुटला, की त्याची नोंद होते. रोज मिठाईच निघणाऱ्या पेटाऱ्यांत मधूनच काहीतरी टाकायचं, म्हणजे बघणारा जागा राहतो.

खाली गुंजवण्यात एका मावशींकडे जेवले. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता भात. त्यांची मुलगी भरतीची तयारी करतेय. केंद्रीय दलांच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. मुलींना साडेआठ मिनिटांत १.६ किलोमीटर धावायचं असतं, म्हणून ही रोज पहाटे, पावसातसुद्धा, गावच्या रस्त्यावर पळते. लागली तर कदाचित विमानतळावरच ड्यूटी मिळेल, असं ती म्हणाली. विमानात ती अजून बसलेली नाही.

मी विचारलं, "दिवसभर लोकांच्या बॅगाच बघायच्या. कंटाळा नाही येणार?"

ती भाकरी मोडत म्हणाली, "गुरं राखायला गेलं तरी दिवसभर बघतच बसायचं असतंय की, ताई. वाघरू रोज येतंय का? पण आलं त्या दिवशी आपण झोपलेलं नसावं."

मॅकवर्थसाहेबांना हे इंग्लंडात प्रयोग करून कळलं होतं.

मढे घाट: जिथून कोकण दिसतं

परतताना वेल्ह्याहून केळदला गेले. मढे घाटाचा कडा. लक्ष्मी धबधबा इथून खाली कोकणात झेप घेतो. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं उमरठला नेला, असं इथले लोक सांगतात. धुकं बाजूला झालं, की खाली महाडकडचा हिरवागार मुलूख उलगडतो. फोटो मस्त येतात, पण कड्यापासून लांबूनच काढा.

त्या कड्यावर उभं राहिलं, की खाली सगळा रायगड जिल्हा. पलीकडे, नजरेच्या टप्प्याबाहेर, श्रीवर्धनचा किनारा. तिथल्या शेखाडीला ३ आणि ७ फेब्रुवारी १९९३ च्या रात्री आरडीएक्स उतरलं. त्याआधी जानेवारीत दिघीला शस्त्रं उतरली होती. ट्रक तिथून निघाले तेव्हा गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ते अडवले होते. म्हणजे नाका होता, पहारा होता, गाड्या थांबल्याही होत्या. पैशांची बोली झाली आणि गाड्या सुटल्या. १२ मार्चला मुंबईत बारा स्फोट झाले. २५७ माणसं गेली. पुढे खटल्यात पोलिस आणि कस्टमचे लोकही दोषी ठरले. २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं या दोन्ही खात्यांवर कोरडे ओढले.

तिथे कुठलं मशीन कमी पडलं नव्हतं. सवय झालेला पहारेकरी निदान फसतो, विकलेला पहारेकरी दार उघडून देतो.

मागे वळून बघितलं तर तोरणा उभा होता. आणि त्याची गोष्ट बरोबर उलटी. औरंगजेब दख्खनेत उतरला तेव्हा एकेक गड त्याच्या हाती येत गेला, बरेचसे पैसे चारून. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड पडला. त्यानंतर तोरणा. तो मात्र लाच देऊन नाही, लढूनच घ्यावा लागला. बादशहानं त्याचं नाव ठेवलं फुतुहुल्गैब, दैवी विजय. हरलेल्या पहारेकऱ्यांसाठी यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय असणार?

भोर: ही पिशवी कुणाची?

भोरला जायला नसरापूरला परत यायचं आणि कापूरहोळवरून आत वळायचं. पंतसचिवांचा राजवाडा बाहेरून कितीही बघितला तरी ओळखीचाच वाटतो, कारण तुम्ही तो डझनभर सिनेमांत बघितलाय. नीरेच्या घाटावर बसा, भाटघरचं पाणी बघा. वेळ असेल तर वरंध घाटाकडे जा, पण पावसाळ्यात दरडींमुळे तो बंद ठेवतात, आधी चौकशी करा.

माझा वेळ संपला होता. संध्याकाळची स्वारगेट एसटी पकडली. गाडी भरली, कंडक्टरनं घंटी मारायला हात वर केला आणि माझं लक्ष गेलं. समोरच्या रिकाम्या सीटखाली एक कापडी पिशवी. घट्ट बांधलेली, जड. शेजारच्या काकांना विचारलं. त्यांची नव्हती. मागच्यांना विचारलं. त्यांचीही नव्हती.

खरं सांगू? माझ्या मनात पहिला विचार आला तो 'असेल कुणाची तरी'. दुसरा विचार, आता बोललं तर गाडी थांबणार, लोक वैतागणार, पावसात सगळ्यांना उतरवणार, आणि निघणार काय, तर कुणाचे तरी कपडे. विमानतळावर माझ्या मागच्या रांगेनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं होतं, तीच नजर आता माझ्यावर येणार होती. पण मला आईची ती गॅलरी आठवली. आणि भाकरी मोडणारी ती पोरगी.

"कंडक्टरदादा, थांबा. इथे एक बेवारस पिशवी आहे. हात नका लावू कुणी."

घंटी थांबली. पुढून कुणीतरी "झालं!" म्हणालं. एक तरुण हसला. कंडक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरना इंजिन बंद करायला सांगितलं, लोकांना मागच्या बाजूला घेतलं आणि दारात उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं, "ही पिशवी कुणाची?" दोनदा विचारलं. काही नाही. ते कंट्रोलरच्या खोलीकडे निघाले, तेवढ्यात रसवंतीपाशी उभी असलेली एक आजी नातवाचा हात धरून लगबगीनं आली. नातवाला पाणी पाजायला उतरली होती.

"माजी हाय, माजी! तांदूळ हायेत त्यात."

गाडीभर हशा. माझे कान लाल. आजी वर चढली, पिशवी मांडीवर घेतली आणि गाठ सोडून मला दाखवली. आंबेमोहर. लेकीकडे निघाला होता. गाडीत वास दरवळला.

"सॉरी हं आजी, मी उगाच..."

"उगाच कशाला, पोरी?" आजी गाठ बांधत म्हणाली. "इचारलंस ते बरं केलंस. कुणाचीच नसती म्हंजे?"

कंडक्टरनी घंटी मारली. गाडी सहा मिनिटं लेट सुटली. कापूरहोळपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, आणि या वेळी मला राग आला नव्हता, ना कुणाचा, ना स्वतःचा.

परवा पुन्हा फ्लाइट होती. सॅक दोनदा धुतली होती, तरी ट्रेमध्ये ठेवतानाच मी सांगून टाकलं, "ही ट्रेकला नेते, हवं तर बघून घ्या." समोरची ताई वेगळी होती. तिनं पट्टी फिरवली, मशीनमध्ये घातली, हिरवा दिवा लागला. या वेळी मी थँक्यू म्हटलं. तिनं जरा चमकून बघितलं. तिला त्याची सवय नसावी.

कसं जाल? काय कराल?

वेल्हे: स्वारगेट–चेलाडी फाटा–नसरापूर–वेल्हे. एसटी कमी आहेत, परतीची वेळ आधी विचारून ठेवा. नसरापूरहून वडाप मिळतं.

राजगड: नवख्यांनी पालीकडून, सरावलेल्यांनी गुंजवण्यातून. पावसात चांगली ग्रिप असलेले बूट मस्ट.

भोर: स्वारगेटहून थेट एसटी. आंबेमोहर घेतल्याशिवाय परत येऊ नका.

खाणं: गावात आधी सांगून ठेवलं, तर गरम भाकरी-पिठलं मिळतं.

विमान पकडायचं असेल तर: पॉवर बँक केबिन बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नाही. ट्रेकचा गॅस कॅनिस्टर घरीच राहू दे. सुकं खोबरं चेक-इन सामानात भरू नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सॅक खताच्या पोत्यावर ठेवू नका. ठेवलीच, तर विचारणाऱ्या ताईवर चिडू नका.